मोहनरावांचं फिरतं घर

माघ शुद्ध ४, शके १८४७. सोमवार. नेकनूर

उद्या निघायचं. तीन महिने या घरात गाडीशिवाय दुसरा विषय नाही.

ही वही मला ह्यांनी बीडहून आणून दिली आणि वर सांगितलं, "सगळा मुलूख हिंडून बघायचाय. जे जे बघशील ते लिहीत जा." लग्नाला वीस वर्षं झाली. माझ्या वडलांनी पोथी वाचता यावी म्हणून मला अक्षरं शिकवली होती, पण सासरी आल्यापासून कुणी हातात लेखणी दिली नव्हती. आता दिली ती डोंगर आणि देवळं लिहायला. बरं, लिहीन. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. लिहायचं नसतं असं मला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून इथे मी सरळ मोहनराव लिहिणार.

सिदू सुतारानं गाडी केलीय खरी. वर बांबूच्या तट्ट्यांचं छत, त्यावर मेणकापड. आत फळ्यांचा पलंग, पलंगाखाली पेट्या, कडेला फडताळ, हंडा बसेल एवढं गोल भोक पाडलेली फळी, मागे दुमडती शिडी. बाजूला खिडकीसुद्धा आहे. देशमुखांची गाडी म्हणून आख्खं गाव बघून गेलं. पण फडताळ कुणाच्या मापानं केलं? मोहनरावांच्या! माझा हात मिठाच्या भांड्यापर्यंत पोचत नाही. मी सिदूला विचारलं तर म्हणाला, "मालकांनीच माप दिलं, वैनीसाब." तीन आठवडे स्वयंपाक मालक करणार आहेत का?

आणि गादी नवी. घरात चार चांगल्या गाद्या असताना बाहेरून भरून आणलेली. आज बसून पाहिलं. खालून काहीतरी कडक लागतं. सांगितलं तर म्हणाले, "नवी आहे, बसेल हळूहळू."

बरोबर छबूवन्सं आहेत, मोहनरावांच्या थोरल्या बहीण. विधवा झाल्यापासून आमच्याकडेच असतात. गाडी हाकायला धर्मराज. पवळ्या आणि हौशा हे दोन बैल. बस, एवढीच मंडळी.

माघ शुद्ध ७, गुरुवार. कपिलधार

धबधबा पाहिला. माघात तो काय पडणार, करंगळीएवढी धार. तरी सावलीत बरं वाटलं आणि मी पाय पाण्यात सोडून बसले. वन्संनी तिथल्या स्वामींच्या समाधीला नारळ ठेवला.

मोहनरावांनी धबधबा पाहिला नाही. आम्हाला उतरवलं आणि म्हणाले, "तुम्ही बघून घ्या निवांत, मला इथल्या पाटलांना भेटायचंय." ऊन कलल्यावर आले. मग हा प्रवास कुणासाठी काढलाय? मी कधी म्हटलं होतं मला धबधबा दाखवा?

माघ शुद्ध १०, रविवार. बीड

खजाना विहीर बघितली. हिच्यासाठी मात्र आले ते बरं झालं. खाली उतरत जावं तसा गारवा अंगावर येतो. आत भोवताली ओवऱ्या आहेत. कुठल्याही दुष्काळात पाणी हटत नाही म्हणतात. मी वाकून पाणी डोळ्यांना लावलं. वन्सं म्हणाल्या, "इथं एक घर आसतं तर मी कुठंच गेले नसते."

मोहनराव अर्थातच नव्हते. शहरात कुणी वकील मित्र आहे, त्याच्याकडे. मित्राला घरी बोलावता आलं नसतं? यायला-जायला तीन दिवस मोडून त्याच्या दारात जायचं, तेही मला विहिरीवर सोडून?

गादी आज जास्तच टोचली. मी म्हटलं, उसवून बघते, गवत-काडी भरली असेल. एवढे चिडले! "हात लावायचा नाही तिला. मी बघीन." वीस वर्षांत गादीवरून माझ्यावर कुणी आवाज चढवला नव्हता.

माघ शुद्ध १३, बुधवार. वडवणी

आज जे ऐकलं ते लिहायला हात धजत नाही. पण लिहिणार. कुणाला सांगणार दुसऱ्या?

मुक्काम इथल्या एका शेतकऱ्याच्या घरी. घरची बाई भिवराबाई. मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची. तिनं मला पहिल्याच घटकेला उंबऱ्यात बसवून विचारलं, "बाई, तुमी गाडीत ऱ्हाता का घरात? असली गाडी आसती तर मी नवऱ्याला घरात ठिवून एकली हिंडले आसते." किती दिवसांनी हसले मी.

दुपारी मी आतल्या खोलीत आडवी झाले होते. भिंतीपलीकडे मोहनराव, भिवराबाईचा नवरा आणि आणखी दोघं. हळू बोलत होते. मोहनरावांचा आवाज मी कुठेही ओळखीन.

"पोरी किती मिळतील?"

"सात-आठ तर नक्की."

"वय?"

"आठ ते बारा. लई लहान नकोत म्हनलं."

"घरचे काय म्हणतात?"

"बाप तयार हायती. पर बोभाटा नको, मालक. कळलं तर अवघड हुईल."

"बोभाटा होणार नाही. माझ्या घरीसुद्धा अजून माहीत नाही."

मी उठून बसले. आठ ते बारा! आमची लेक तारा बारा वर्षांची असताना सासरी गेली. तिच्या वयाच्या पोरी बघायला निघालाय हा माणूस? आम्हाला मुलगा नाही. छबूवन्सं दर दिवाळीला तो विषय काढतात आणि हे दरवेळी म्हणायचे, "आक्का, मला लेक आहे, पुरे." मी त्या शब्दावर विश्वास ठेवून राहिले. आणि आता ही गाडी, ही खिडकी, हा धबधबा, सगळं माझ्या डोळ्यांवर झापड बांधायला. गावोगाव फिरून पोरी बघायच्या, बरोबर बायको असली की कुणी काही विचारत नाही.

ते जेवायला बसले तेव्हा मी ताटात भाकरी आपटली. मोहनराव म्हणाले, "डोकं दुखतंय का तुझं?"

माघ वद्य २, शनिवार. धारूर

किल्ला बघितला. पायाखाली दगड निसरडे आणि बुरूज अर्धे ढासळलेले, तरी वर गेल्यावर चहूकडे मुलूख पसरलेला दिसतो. वन्सं खालीच बसल्या. मी एकटी वर गेले. मला कुणी सोबत नको होती.

वरून खाली बघते तर तळ्याच्या काठी मोहनराव तीन माणसांबरोबर. एकानं त्यांना काहीतरी घडी करून दिलं, त्यांनी ते कोटाच्या आत घातलं. पत्रिका असणार! आणखी कुणाची तरी पत्रिका! मी वरूनच ओरडणार होते, पण वाऱ्यानं आवाज गेला नसता. उतरले तोवर माणसं गेली होती.

गाडीजवळ येताना मी ऐकलं, ते धर्मराजला म्हणत होते, "इथे जागेची सोय होईल. ओसरी मोठी आहे." म्हणजे तिला धारूरला ठेवणार. माझ्या घरात आणायची हिंमत नाही.

आज गादी इतकी वाईट की मी खाली पेट्यांवर घोंगडी टाकून पडले. जिथे मुक्काम होतो तिथून पुढे ती आणखीच टोचायला लागते. भरणाऱ्यानं काय भरलंय देव जाणे.

माघ वद्य ५, मंगळवार. अंबाजोगाई

देवीचं दर्शन झालं. ओटी भरताना काय मागावं सुचेना. शेवटी काहीच मागितलं नाही.

मग हत्तीखाना. खडक कोरून केलेली लेणी आणि अंगणात दगडी हत्ती. एका हत्तीजवळ मी पुष्कळ वेळ उभी राहिले. सोंड मोडलीय, पाठीवर ऊन, तरी जागा सोडलेली नाही. मला रडू आलं. धर्मराजनं बघितलं आणि पाण्याचा तांब्या आणून दिला.

मी त्याला विचारलं, "धर्मराज, मालक कशापायी जातात एवढ्या लोकांकडं?"

"मला काय ठावं, वैनीसाब. मी बैलाचं बघतो."

पण तो माझ्याकडे बघत नव्हता. म्हणजे त्यालाही ठाऊक आहे. बैलांनाही असेल. मलाच तेवढं नाही!

मी ठरवलंय. सिरसाळ्याला बैलगाड्यांचा मेळा आहे, तिथे आम्हाला जायचंय, तेवढा होऊ दे, चारचौघांत तमाशा नको. तिथून मी माहेरी जाणार. तारा दिलीय लांब, पैठणच्या अंगाला. तिला लिहिता येत नाही, मला तिची खुशाली येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कळते. आईनं घर सोडलं हेही तिला असंच कुणाच्या तरी तोंडून कळेल.

माघ वद्य ६, बुधवार. वाटेत

वही फडताळात उलटी ठेवलेली सापडली. गाडीच्या धक्क्यानं फिरली असणार. रस्ता फार वाईट आहे.

मोहनराव आज फार गप्प. दोनदा माझ्याकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आपलंच मन खातंय त्यांना. खाऊ दे.

माघ वद्य ८, शुक्रवार. सिरसाळा

परळीवरून आलो आणि परळीला थांबलो नाही! वैजनाथाच्या दारावरून गाडी पुढे काढली. शिवरात्रीला परत यायचंच आहे म्हणे. वन्संनी गाडीतूनच हात जोडले आणि दिवसभर भावाशी बोलल्या नाहीत. या बाबतीत आम्ही दोघी एक आहोत.

मेळा मात्र नजरेत न मावणारा. गावाबाहेरच्या पडीक रानात त्रेचाळीस गाड्या गोल लावल्यात. कुणाची तट्ट्यांची, कुणाची नुसत्या ताडपत्रीची, एकाच्या गाडीला रंगीत काचेची खिडकी. मधे बैल बांधलेत. शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं. उद्या बैलांना आणि गाड्यांना बक्षिसं आहेत. यजमान इथले आप्पा. सत्तरीचे, मोठ्या जमिनीचे, बोलणं करडं. मला म्हणाले, "या सूनबाई, तुमच्या घराला चाकं आहेत, आमच्या घराला नुसती दारं." लोकांनी येऊन आमचं फडताळ, हंड्याची फळी, शिडी बघितली. मोहनराव दाखवत होते. मीठ कसं काढायचं ते कुणी विचारलं नाही.

भिवराबाईसुद्धा आलीय. तिला मी सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, "बाई, माझ्या नवऱ्याच्या पोटात काई ऱ्हात न्हाई. पोरगी बघायची आसती तर मला कळलं आसतं."

"मी माझ्या कानानं ऐकलं."

"कान बी चुकत्यात, बाई."

माझे चुकत नाहीत.

माघ वद्य ९, शनिवार. सिरसाळा

हे मी बाभळीखाली बसून लिहितेय. राग अजून उतरलेला नाही.

सकाळी बैलांची बक्षिसं झाली. जेवणं झाली. पुरुषमाणसं आप्पांच्या मांडवात बसली आणि कनाती सोडल्या. बैलांविषयी बोलायला कनाती कशाला, असं माझ्या मनात आलं तोच घोडे आले. पोलिसांचे अमीनसाहेब, सहा जवान आणि एक मराठी वाचणारा कारकून, आपल्याच इकडचा, कपाळाला गंध लावलेला.

अमीनसाहेब घोड्यावरूनच म्हणाले, "इजाजत बैलों की ली थी. ये जलसा बैलों का है या आदमियों का?"

आप्पा म्हणाले, "बैलांचे मालक नकोत का, साहेब? बैल एकटे कसे येतील?"

साहेब हसले नाहीत. झडती सुरू झाली. एकेक गाडी उपसायला लागले. भिवराबाईच्या पिठात हात घातला, कुणाच्या गोधड्या मातीत टाकल्या. आमच्या गाडीपाशी आले. मी आत गादीवर बसले होते, वन्सं पलीकडे. जवान म्हणाला, उतरा. मी म्हटलं, "बायामाणसाच्या अंथरुणात काय शोधताय?" आणि उठले नाही. मला कशाचीच फिकीर नव्हती, मी आधीच पेटलेली होते.

तेव्हा मोहनराव पुढे आले. म्हणाले, "साहेब, आम्ही देवदर्शनाला आणि मुलूख बघायला निघालोय. माझ्या घरातल्यांनी रोजचं लिहून ठेवलंय. कुठे गेलो, काय केलं, सगळं. वाचून घ्या, खात्री होईल."

आणि फडताळातून ही वही काढून दिली. त्यांचा हात पोचतो तिथे.

मी नको म्हणेपर्यंत ती कारकुनाच्या हातात होती. त्यानं चष्मा पुसला आणि उभ्या मेळ्यात मोठ्यानं वाचायला लागला. फडताळाचं. करंगळीएवढ्या धारेचं. गादीवरून झालेल्या नवरा-बायकोच्या भांडणाचं. लोक हसले. मग वडवणीचं पान आलं. मला वाटलं, आता तरी थांबेल. नाही थांबला. चवीनं वाचत गेला. पोरी किती मिळतील. आठ ते बारा. बोभाटा नको. ताटात आपटलेली भाकरी. धारूरची पत्रिका. हत्तीजवळचं रडणं. त्रेचाळीस गाड्यांची माणसं, त्यांच्या बायका, जवान, सगळे ऐकत होते. मी पदर तोंडावर घेतला नाही. का घ्यावा? मी काय केलंय?

अमीनसाहेबांनी मोहनरावांना विचारलं, "सच है ये? दूसरी शादी के वास्ते गाँव-गाँव फिर रहे थे?"

मोहनरावांनी मान खाली घातली. म्हणाले, "जी."

सगळ्यांदेखत म्हणाले. माझ्याकडे न बघता.

कारकून पुढचं पान उलटत होता. साहेबांनी हात वर केला. "बस करो. किसी की बीवी के आँसू सरकारी काम नहीं." ते घोड्यावरून उतरले, वही स्वतः घेतली, मिटली, आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "माफ करना, बाईसाब." मग मोहनरावांकडे एकदा असं बघितलं की मला बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत मेळा उठवा असं आप्पांना बजावून ते गेले. शिवरात्रीला परळीला जायचंय, बैल दमलेत, असं म्हणून जाता जाता आप्पांनी त्यांच्याकडून उद्यापर्यंतची मुदत मागून घेतली.

आज माझी माफी मागणारा माणूस एकच निघाला, आणि तो झडती घ्यायला आला होता.

माघ वद्य १०, रविवार. सिरसाळा

सकाळी मी माझं गाठोडं बांधलं आणि धर्मराजला म्हटलं, मला माहेरी सोड. तो जागचा हलला नाही. मोहनराव आले. हातात कात्री. तडक गाडीत चढले आणि गादी या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडली.

आत कागद. सह्यांचे, अंगठ्यांचे, गावागावांचे. काही मूळचे, काही वाटेत शिवून घातलेले. कपिलधार, बीड, वडवणी, धारूर, अंबाजोगाई. मी तीन आठवडे या सगळ्या गावांवर पाठ टेकत होते.

"लग्न नाही, सत्यभामा. शाळा. मराठी शाळा काढायच्यात, पाच गावांत, आपल्या खर्चानं. सरकारी शाळा लांब, शिकणं उर्दूत, पोरं चार महिन्यांत गुरांमागे परत जातात. आपली शाळा काढायची तर मंजुरी लागते. मंजुरीच्या अर्जाला सह्या गोळा करायला चार माणसं जमली तर त्यालाच जलसा म्हणजे बेकायदा सभा म्हणतात. म्हणून गाडी. म्हणून मेळा. मी वडवणीत पोरांबद्दल विचारत होतो."

छबूवन्सं पलीकडून सगळं ऐकत होत्या. "देवा रे," म्हणाल्या आणि चूल पेटवायला गेल्या.

मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला असेल कुठेतरी आत. पण त्याआधी दुसरं वर आलं.

"वही कधी वाचली माझी?"

त्यांनी कात्री खाली ठेवली.

"वही उलटी ठेवली होती. अंबाजोगाईत वाचली ना?"

"हो."

"म्हणजे मी काय समजतेय ते तुम्हाला मंगळवारपासून ठाऊक होतं. चार दिवस मी जेवले नाही, ते बघत होता. एका शब्दानं सांगता आलं असतं."

"सांगणार होतो. दोनदा सांगायला आलो. पण झडती झालीच तर... तुझं लिहिलेलं इतकं खरं होतं की कुणालाही पटलं असतं. तुला सांगितलं असतं तर तू तसं लिहिलं नसतंस."

"म्हणून मला तसंच जळू दिलं?"

"कामाला आलं ना. नाहीतर आज पाच-पंचवीस माणसं कोठडीत असती."

हे त्यांनी असं सांगितलं जणू मला पटावं. पटलंही असतं, मी बैल असते तर. मी म्हटलं, "खिडकीला तुम्ही पडदा लावलाय, तो सिदूनं दिला. मी पडदा नाही. मला सांगितलं असतं तर मी आणखी चांगलं खोटं लिहिलं असतं. तुम्हाला वाटलं तरी कसं, की मला रडवल्याशिवाय माझ्याकडून काम होणार नाही?"

त्यांनी हात जोडले. बायकोपुढे देशमुखानं हात जोडलेले मी पहिल्यांदा पाहिले. तरी राग गेला नाही.

मग ते म्हणाले, "आणि तू ऐकण्यातही चुकलीस. मी 'पोरं' म्हटलं होतं. 'पोरी' नव्हे."

मी कागद चाळत होते, माझा हात थांबला.

"पोरी का नव्हे?"

"काय?"

"पाच गावांत शाळा. पोरी का नव्हे?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला त्यांचा चेहरा वाचता येतो. तिथे विरोध नव्हता. हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता, एवढंच होतं. आणि मला तेच जास्त लागलं. ज्यांच्या बायकोला वाचता येतं, जिच्या अक्षरानं काल सगळा मेळा वाचला, त्यांनासुद्धा पडला नव्हता. तारा सहा वर्षांची होती तेव्हा मी पाटी आणली. सासूबाईंनी चुलीत घातली. तेव्हा हे ओसरीवर बसून होते.

मी कागद उचलले आणि आप्पांच्या मांडवात गेले. कनाती अजून होत्या. आत पंधरा-वीस माणसं. मी म्हटलं, "काल माझं वाचलेलं सगळ्यांनी ऐकलं. आज मी बोलते ते ऐका. या अर्जात पोरींचं नाव नाही. ते घाला."

आप्पा म्हणाले, "सूनबाई, आधी पोरांचं होऊ द्या. मंजुरी त्यालाच मिळायची मारामार. त्यात पोरींचं घातलं तर आपलेच लोक मागे हटतील."

"कोण हटेल? नावं सांगा."

एक जण पुटपुटला, "बायकांच्या सह्या कुठं अर्जावर असतात?"

कनातीच्या बाहेरून भिवराबाईचा आवाज आला, "कावून नसत्यात? आमचा अंगठा काय येगळा आसतो व्हय?"

ती आत आली. पाठीमागे दगडाबाई, आप्पांची धाकटी सून. आजवर ती सासऱ्यासमोर उभी राहिली नव्हती. आज आली. मागून आणखी. काल गोधड्या मातीत गेल्या त्या सगळ्या. दगडाबाई म्हणाली, "मामंजी, झडतीला आमची अंथरुनं चालली. मग अर्जाला आमचा हात का चालत न्हाई?"

शाईची दौत आप्पांपुढे होती. त्यांनी ती उचलून देऊ केली नाही, पण बाजूलाही ओढली नाही. मी जाऊन उचलली.

नवा कागद घेतला. वर मीच लिहिलं. 'आम्ही खाली अंगठे करणाऱ्या बाया अर्ज करतो की मुलींनाही मराठी वाचणं-लिहिणं शिकवण्याची मंजुरी मिळावी.' पहिली सही माझी. सत्यभामा. त्याखाली एकतीस अंगठे. छबूवन्सं सर्वांत शेवटी आल्या. म्हणाल्या, "माझं काय आता? पर कर म्हनली तर करते," आणि अंगठा इतका दाबला की शाई पसरली.

मी माहेरी गेले नाही. पण मोहनरावांना सांगितलं की नेकनूरपर्यंत ते धर्मराजशेजारी पुढे बसतील, आत नाही.

माघ वद्य १४, गुरुवार. परळी

वैजनाथाचं दर्शन झालं. गर्दी फार. कागद बीडच्या वकिलांकडे पोचते झाले. मोहनराव पुढेच बसलेत. उन्हानं मान काळी पडलीय. वन्संना दया येते. मला अजून नाही.

चैत्र वद्य ३, शके १८४८. नेकनूर

दोन महिने वही उघडली नव्हती. शिव्याच लिहिल्या गेल्या असत्या.

अर्जाचं उत्तर नाही. पोरांच्या शाळेचा अर्ज 'विचाराधीन' आहे म्हणे. आमच्या कागदाचं तर पोच म्हणूनसुद्धा काही आलं नाही. वकिलांनी निरोप पाठवला की वाट पाहा. वाट कशाची पाहायची? पोरी थांबत नाहीत, मोठ्या होतात. आणखी दोन वर्षांनी त्यांची लग्नं होतील. मी गुढीपाडव्याला दुसरा अर्ज लिहिला. तो गेल्यावर तिसरा लिहून ठेवला.

आणि ओसरीवर बसायला सुरुवात केली. शाळा म्हणत नाही. सिदूची मुलगी आणि शेजारची, दोघींना मी माझ्या ओसरीवर अक्षरं दाखवते, यात कुणाचं काय जातं? पाटलांनी निरोप पाठवला, "परवानगीवाचून हे काय चालवलंय?" मी उलट निरोप दिला, "गावात दोन ठिकाणी जुगार चालतो, त्याची परवानगी आधी दाखवा." त्यावर पाटील मोहनरावांना चावडीवर म्हणाले, जरा घरात बघा. मोहनरावांनी सांगितलं, "घरात मीच तिच्या परवानगीनं राहतो." ही गोष्ट मला धर्मराजकडून कळली. त्यांनी मला सांगितली नाही. तेवढं शहाणपण आलंय.

पहिल्या आठवड्यात दोघी. मग पाच. एकीला तिची आजी येऊन फरफटत घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती परसदारानं आली. छबूवन्सं भिंतीला टेकून बसतात. म्हणतात, "मी आपली पोरींवर नजर ठेवायला बसते." पण त्यांचं बोट सारखं जमिनीवर फिरत असतं. काल मी वाकून पाहिलं तर धुळीत 'छ' काढला होता.

आज सकाळी पोरी चढून आल्या त्या येतच राहिल्या. मोजल्या तर चौदा. एकीच्या कडेवर भाऊ, एकीच्या हातात शेळीचा दोर. ओसरीच्या कडेपर्यंत पोरी दाटल्या. पाट्या पुरेनात म्हणून मी फरशीवर कोळशानं अक्षरं काढली. नेमकं त्याच वेळी मोहनराव शेतावरून आले. पायरीपाशी, चपला काढून, हातातली टोपी चुरगाळत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मीसुद्धा थोडा वेळ बसू का?"

मी वर न बघता म्हटलं, "जागा नाही."

आणि खरंच नव्हती.